सहा वाजता न उठलेल्या मुली

करोना यायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी बी.एस्सी. संपवून यावल तालुक्यातल्या आमच्या गावाहून धुळ्याला स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आले होते. जळगाव जवळ असताना धुळं कशाला, असं घरी सगळ्यांनीच विचारलं. जळगावात क्लास चांगले नाहीत, असं मी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. जळगावात आमचे नातेवाईक फार, आणि प्रत्येकाकडे आठवड्यातून एकदा चहाला गेलं नाही तर रुसवे होतात. धुळ्यात मला ओळखणारं कोणी नव्हतं. मला तेच हवं होतं.

देवपुरात एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. वर पत्रा. सोबत साक्रीच्या पलीकडच्या एका डोंगराळ गावातली मुलगी होती. ती वनरक्षक भरतीची तयारी करत होती. पहाटे पळायला जायची आणि परत आली की चहाऐवजी शिळ्या भाकरीचा कुस्करा खायची. पहिले काही दिवस तिची अहिराणी मला अर्धी कळायची आणि माझी यावलकडची बोली ऐकून ती हसायची. पुढे आम्ही दोघींनी मिळून एक तिसरीच भाषा तयार केली, जी आजही फोनवर चालते.

त्या पत्र्याखाली मार्चनंतर दुपारी माणूस बसू शकत नाही. म्हणून आम्ही जवळच्या अभ्यासिकेत नाव घातलं. एका ट्रस्टची अभ्यासिका होती. लांबलचक हॉल, भिंतीला लागून लाकडी कप्पे, पंखे, थंड पाण्याचा माठ. शांतता अशी की पान उलटल्याचा आवाज यायचा. तिथे आम्हाला तिसरी मैत्रीण भेटली. ती धुळ्याचीच. घर लहान, माणसं जास्त, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखालीच टीव्ही. घरात टीव्ही बंद झाला तर वडिलांना झोप लागत नसे, म्हणून तीही सकाळपासून अभ्यासिकेत येऊन बसायची.

अभ्यासिकेची देखरेख नाना करायचे. एसटीतून निवृत्त झालेले चालक. सगळ्यांनाच ते ‘बेटा’ म्हणायचे आणि कुणी डुलकी काढताना दिसलं की हळूच समोर पाण्याचा पेला ठेवायचे. त्यांच्या टेबलाच्या मागे भिंतीवर एक पाटी होती: मुलींसाठी वेळ सकाळी सात ते सायंकाळी सहा. मुलांची वेळ त्याच पाटीवर वेगळ्या ओळीत लिहिली होती, ती रात्री दहापर्यंत. सहा वाजले की नाना टेबलावरची पितळी घंटा वाजवत. आम्ही पुस्तकं मिटायचो आणि निघायचो. शेजारचा मुलगा त्याच पानावर बसून राहायचा.

खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बसस्टँडवर बायकांची रांग वेगळी असते, तसंच हे, असं वाटायचं. सवयीचा भाग. डोक्यात काही चुकल्यासारखं वाजलं ते एका संध्याकाळी. मी काळ-काम-वेगाचं एक गणित सोडवत होते. दोन नळ टाकी भरतात, एक नळ रिकामी करतो, असलं काहीतरी. घंटा वाजली ती मला ऐकूच आली नाही. नाना जवळ येऊन उभे राहिले.

“बेटा, सहा वाजले.”

“नाना, हे एवढं गणित.”

“उद्या कर.”

मी मान वर केली. शेजारी एक मुलगा तेच पुस्तक उघडून, तोच धडा घेऊन बसला होता. सहज तोंडातून निघून गेलं, “नाना, याला नाही म्हणत तुम्ही उद्या कर म्हणून.”

मी भांडायला बोलले नव्हते. पण ते वाक्य हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. नानांनी माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला, दोन मुलं हसली आणि मी उठले.

त्या संध्याकाळी जेवताना मी ही गोष्ट सांगितली. आम्ही जेवायला अक्कांच्या खानावळीत जायचो. अक्का एकट्याच खानावळ चालवायच्या. त्यांच्या शेवभाजीचा तवंग बघून पाहुणे घाबरायचे. वाढता वाढता त्या सगळं ऐकायच्या आणि मधेच आपलं मत टाकून पुढच्या ताटाकडे जायच्या.

साक्रीची मैत्रीण म्हणाली, “मी त दररोज सहा नंतर येस्टी स्टँडवर जास.”

आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. आम्हाला वाटायचं ती संध्याकाळीही पळायला जाते.

“स्टँडवर? कशाला?”

“तठे पंखा शे, उजेड शे. बाकड्यावर बशीसन वाचस. कोणी विचारं त सांगस, साक्रीनी गाडी देखी ऱ्हायनू.”

धुळ्याची मैत्रीण हातातला घास तसाच धरून तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मुलींच्या सुरक्षेसाठी आपल्याला हॉलबाहेर काढतात, आणि तू सुरक्षित राहायला स्टँडवर जातेस.”

अक्का भाकरी वाढताना थांबल्या. “त्या अध्यक्षले जाईसन सांगा ना हाई,” त्या म्हणाल्या.

ट्रस्टच्या अध्यक्षांचं कापडाचं दुकान होतं. आम्ही अर्ज घेऊन तिघी दुकानात गेलो. माणूस वागायला चांगला. त्यांनी आम्हाला बसायला स्टुलं दिली, उसाचा रस मागवला, अर्ज पूर्ण वाचला.

“तुम्ही मला मुलींसारख्या,” ते म्हणाले. “अंधार पडल्यावर येता-जाता काही झालं तर जबाबदार कोण? लोक मलाच विचारतील.”

“काका, सहानंतर आम्ही कुठे असतो, हे लोक विचारतात का?” धुळ्याची मैत्रीण म्हणाली.

“घरी असता ना.”

साक्रीची मैत्रीण रसाचा ग्लास न्याहाळत बसली. स्टँडचं तिने सांगितलं नाही. नंतर म्हणाली, सांगितलं असतं तर त्यांनी गावी फोन केला असता.

अध्यक्षांनी अर्ज गल्ल्याजवळच्या फाइलीत ठेवला आणि “बघू” म्हणाले. आम्ही काही आठवडे वाट बघितली. पुन्हा एकदा जाऊन आलो. दुसऱ्या वेळीही रस मिळाला.

मग एका दुपारी माठापाशी उभ्या असताना धुळ्याची मैत्रीण म्हणाली, “आता मागायचं नाही. सहा वाजता उठायचं नाही, बस.”

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की आधी मला ते साधंच वाटलं. तिच्या घरी याची सवय होती. तिचे आजोबा तरुणपणी भूमिहीनांसाठी पडीक जमीन मागणाऱ्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते. घरात ती गोष्ट सहलीसारखी सांगितली जायची: आत भाकरी कशी जाड मिळायची, कोण कुणाच्या डोक्यावर पाय ठेवून झोपायचं, सुटताना कोण रडलं. तुरुंग या शब्दाची भीती तिला लहानपणीच निघून गेली होती. मला मात्र भीती वाटली.

भीतीला कारणही होतं. आम्ही सगळ्या सरकारी नोकरीच्या मागे लागलेल्या. निवड झाली की चारित्र्य पडताळणी होते. नावावर एखादा गुन्हा दाखल असला तर इतक्या वर्षांचा अभ्यास पाण्यात. अभ्यासिकेतल्या मुलींना आम्ही अक्कांच्या खानावळीत बोलावलं तेव्हा सगळ्यात आधी हाच प्रश्न निघाला. एक मुलगी स्पष्ट म्हणाली, “माझं पोलीस भरतीचं मैदान झालंय, लेखी राहिलीय. मी नाही बसणार.” कुणीही तिला नावं ठेवली नाहीत. ज्यांना उठायचं त्यांनी सहाला उठावं, बाकीच्यांनी बसावं, असं ठरलं.

“पण लपूनछपून नाही,” धुळ्याची मैत्रीण म्हणाली. “नियम मोडतोय हे सांगून मोडायचं. आणि नानांना एक शब्द वाकडा बोलायचा नाही.”

“घाबरस त मीबी,” साक्रीची मैत्रीण म्हणाली. “पन मी काई उठस नई.”

दुसऱ्या दिवशी सहा वाजता नानांनी घंटा वाजवली. नेहमीसारखा खुर्च्यांचा आवाज झाला. काही मुली दप्तर उचलून गेल्या. आम्ही उरलेल्या एकेक करून नानांच्या टेबलापाशी गेलो आणि अभ्यासिकेचं ओळखपत्र त्यांच्यासमोर ठेवलं.

“हे काय?” नानांनी विचारलं.

“नाना, आम्ही आज उठणार नाही,” मी म्हणाले. “तुम्हाला कारवाई करावी लागली तर नावं सोपी पडावीत म्हणून.”

परत जाऊन खुर्चीत बसले तेव्हा पुस्तकातली एकही ओळ दिसत नव्हती. नानांनी पुन्हा घंटा वाजवली, या वेळी जरा जोरात. कुणी हललं नाही. मग त्यांनी आमच्या बाजूचे पंखे बंद केले.

एप्रिलमधलं धुळं ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. घाम वहीवर पडून शाई पसरायला लागली. शिवाय आमच्या बाजूच्या पंख्यांच्या बटणावरच मुलांचेही काही पंखे होते. तिकडून कुरकुर सुरू झाली. एकाने म्हटलं, “यांच्यामुळे आपल्याला का शिक्षा?” दुसरा, चष्मेवाला, फारसा कुणाशी न बोलणारा, उठला, भिंतीपाशी गेला, बटण दाबलं आणि जाऊन बसला. नानांनी ते बघितलं आणि तोंड फिरवून वर्तमानपत्र उघडलं.

आम्ही आठला उठलो. “येतो नाना,” म्हणालो. नानांनी आमच्यासाठी जिन्यावरचा दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर नोटीस होती. नियम मोडणाऱ्या मुलींचा प्रवेश रद्द. नाना दारात उभे होते. त्यांचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा होता.

“बेटा, वरून जसं येतं तसं मला करावं लागतं.”

“आम्हाला माहीत आहे नाना,” धुळ्याची मैत्रीण म्हणाली. “तुमच्यावर राग नाही.”

आम्ही परत फिरलो खऱ्या, पण आत वाईट वाटत होतं. खोलीत जाऊन त्या पत्र्याखाली आम्ही दोघी पडून राहिलो. बाहेर काढल्या गेलो, नाव कटलं, परीक्षा तोंडावर आलेली. मला घरची आठवण यायला लागली. केळीच्या बागेत दुपारी जो ओला गारवा असतो, तो आठवत राहिला. साक्रीच्या मैत्रिणीने अचानक विचारलं, “रस्त्यावर बसाले काय व्हई?”

“कुठल्या रस्त्यावर?”

“अभ्यासिकाना समोरला. तठे मोठा दिवा शे.”

त्यानंतर दुपारी आम्ही अक्कांकडे बसायला लागलो. जेवणारे उठले की अक्का टेबलं पुसून द्यायच्या आणि आम्ही पुस्तकं उघडायचो. संध्याकाळी सहा वाजता अभ्यासिकेसमोरच्या फुटपाथवर जाऊन बसायचो. अक्कांनी त्यांची निळ्या पट्ट्यांची सतरंजी दिली होती. नाव न कटलेल्या मुलीही सहाची घंटा झाली की आतून निघून सरळ आमच्या शेजारी येऊन बसायच्या. सहानंतर आत बसायला बंदी होती, फुटपाथबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. पोलीस भरतीची लेखी राहिलेली मुलगी बसत नव्हती, पण जाताना आम्हाला चालू घडामोडींचं मासिक देऊन जायची.

घोषणा नाहीत, फलक नाही. जाणाऱ्यांना वाट ठेवून आम्ही भिंतीला टेकून वाचायचो. लोक थांबून विचारायचे, “काय झालं? परीक्षेचा निकाल लागला नाही का?” आम्ही सांगायचो. काही जण “बरोबर आहे” म्हणायचे, काही जण “मुलींनी असं रस्त्यावर बसू नये” म्हणायचे आणि आम्ही “हो ना काका, आम्हालाही आतच बसायचंय” म्हणायचो. कॉलनीतल्या बायका गॅलरीतून बघायच्या. दोन-तीन दिवसांनी त्यातल्या एकीने पाण्याची कळशी आणून ठेवली. मग दुसरीने तिच्या नातीला आणून बसवलं, “हिला जरा पाढे शिकवा” म्हणून. ती नात रोज यायला लागली आणि आमचा बराच वेळ तिच्यात जायला लागला.

एका संध्याकाळी पोलिसांची गाडी आली. कोणीतरी तक्रार केली होती. गाडीतून एक हवालदार आणि एक महिला शिपाई उतरले.

“परवानगी घेतली का?” तिने विचारलं.

“कशाची मॅडम?”

“आंदोलनाची.”

“आम्ही अभ्यास करतोय.”

तिने सतरंजीवर पसरलेली पुस्तकं बघितली. “ते दिसतंय. पण इथे बसता येणार नाही. उठा, नाहीतर ठाण्यात यावं लागेल.”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. हा क्षण येणार हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्याबद्दल आम्ही बोलूनही ठेवलं होतं. ज्यांना घरी जायचं त्या गेल्या. उरलेल्या उठलो, सतरंजी घडी केली आणि रांगेने गाडीत जाऊन बसलो. चढताना माझी पायरी चुकली. महिला शिपाईने दंड धरून मला वर घेतलं.

तेवढ्यात खानावळीतून अक्का धावत आल्या. हाताला पीठ तसंच.

“माले भी ली चला!”

“तुम्ही कशाला मावशी? तुम्ही बसल्या होत्या का?”

“सतरंजी मनी शे,” अक्का म्हणाल्या आणि चढल्या.

ठाण्यात आम्हाला एका लांब बाकड्यावर बसवलं. साहेब बाहेर गेले होते. वाट बघायची होती, म्हणून आम्ही पुस्तकं उघडली. त्या महिला शिपाईने थोडा वेळ आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, “कशाची तयारी?”

कुणी तलाठी, कुणी वनरक्षक, कुणी राज्यसेवा. साक्रीच्या मैत्रिणीने धावण्याबद्दल विचारलं. शेवटच्या फेरीत तिला पोटात कळ यायची. महिला शिपाईने खुर्ची ओढून घेतली आणि श्वास कसा राखायचा ते समजावत बसली. मग तिने आमची तोंडी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. राज्यपालाचे अधिकार, तापीच्या उपनद्या, घटनादुरुस्त्या. चुकलं की हवालदार मागून म्हणायचे, “अरे, हे तर मलापण येतं.” अक्कांनाही प्रश्न विचारला गेला. पांझरा कुठे उगम पावते? अक्का म्हणाल्या, “ती साक्रीकडनी पोर शे, तिले विचारा.” तिला ते बरोबर आलं आणि ठाण्यात हशा पिकला.

साहेब आले तेव्हा आम्ही अशा बसलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नावं लिहून घेतली. माझं नाव सांगताना मला माझ्या वडिलांचा, आबांचा, चेहरा दिसत होता. साहेबांनी आम्हाला समज दिली, रस्त्याला अडथळा होऊ नये, वगैरे. मग अध्यक्षांना आमच्यासमोरच फोन लावला. “शेठ,” ते म्हणाले, “तुमच्या मुली माझ्याकडे बसून अभ्यास करतायत. मी रोज त्यांना इथे बसवू शकत नाही. तुम्हीच काहीतरी बघा.”

गुन्हा दाखल झाला नाही. पण गाडीत चढतानाचा आमचा फोटो कुणीतरी काढला होता आणि तो आमच्या आधी यावलला पोहोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा फोन आला. ते फक्त “मी येऊ रायलो” म्हणाले. आमचे आबा केळीच्या बागेतून सहसा बाहेर पडत नाहीत. लग्नालाही ते अक्षता पडल्या की परत निघतात. ते धुळ्याला येतायत म्हणजे मला घेऊन जायलाच येतायत, हे मी धरून चालले. कपडे पिशवीत भरले. साक्रीची मैत्रीण माझ्या कपड्यांच्या घड्या करत होती.

आबा संध्याकाळी आले. बसने दमलेले, पांढरी टोपी धुळीने तांबूस झालेली. मी खोलीवर नव्हते, फुटपाथवर होते. ते विचारत विचारत तिथे आले. मी उठायला लागले तर हाताने “बस” म्हणाले आणि जरा लांब एका दुकानाच्या ओट्यावर टेकले. मी मान खाली घालून बसले. वाचलेलं काहीही कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने ते जवळ आले.

“काय करू रायली वं तू इथं?”

“अभ्यास, आबा.”

“मले वाटलं तू वरडत असशील.” त्यांनी आजूबाजूला बघितलं. “फोटोत तसंच दिसत व्हतं.”

मग ते रस्ता ओलांडून अभ्यासिकेच्या दारात गेले. नाना बाहेर आले. दोघं तिथल्या पायरीवर बसले. मला थोडंथोडं ऐकू येत होतं.

“आत दिवे कितीपर्यंत चालू राह्यतात?” आबांनी विचारलं.

“दहापर्यंत.”

“अन् या पोरींच्या खुर्च्या?”

“रिकाम्याच असतात.”

“रिकाम्या ठेवून काय भेटते?”

नाना हसले. मला वाटतं त्या सगळ्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. “तेच मला कळत नाही, भाऊ,” ते म्हणाले. पुढे दोघं कुठल्या जुन्या बसगाड्यांबद्दल बोलत बसले. आबांना आठवत होतं, एका पावसाळ्यात चोपड्याच्या घाटात गाडी अडकली होती. नाना म्हणाले ती गाडी त्यांचीच असेल. ती नव्हती, पण दोघांनी तसं ठरवून घेतलं.

रात्री आबा अक्कांकडे जेवले. शेवभाजी खाऊन त्यांचे डोळे पाणावले, तरी त्यांनी दुसऱ्यांदा घेतली. नंतर खोलीवर माझी भरलेली पिशवी त्यांना दिसली. “हे कायले भरलं?” म्हणाले. त्यांनी पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली आणि सकाळच्या बसने एकटेच परत गेले.

त्यानंतरच्या संध्याकाळी आम्ही फुटपाथवर बसलो होतो. सहाची घंटा ऐकू आली, मुली बाहेर आल्या. त्यांच्यामागून तो चष्मेवाला मुलगा आला आणि त्याच्यामागून आणखी मुलं. सगळ्यांनी आपापली ओळखपत्रं नानांच्या टेबलावर ठेवली होती. चष्मेवाला आमच्यापासून हातभर अंतर सोडून बसला आणि पुस्तक उघडता उघडता म्हणाला, “नियम सगळ्यांना एक असला तर आमचेही सहा वाजले.” त्याच्यानंतर मुलं येतच राहिली. सतरंजी पुरली नाही. कॉलनीतल्या बायकांनी घरातल्या चटया आणल्या. आत हॉलमध्ये सगळे दिवे चालू, पंखे फिरतायत आणि माणूस फक्त एक, नाना, टेबलापाशी.

असं काही दिवस चाललं. मग अध्यक्ष आले. गाडी लांब लावून चालत आले. सोबत त्यांची पत्नी होती. त्या सरळ येऊन सतरंजीच्या कडेला बसल्या आणि त्या लहान नातीला कुठपर्यंत पाढे येतात ते विचारायला लागल्या. अध्यक्ष उभेच होते. हॉलकडे बघत होते.

“चला आत,” शेवटी ते म्हणाले. “मुलींना नऊपर्यंत परवानगी.”

“आणि मुलांना?” धुळ्याच्या मैत्रिणीने विचारलं.

“त्यांना दहा आहेच.”

“मग काका, पाटीवर पुन्हा दोन ओळी राहतील.”

अध्यक्ष वैतागले. “मग काय सगळ्यांनाच नऊ करू?”

“करा,” ती म्हणाली.

मुलांचा एक तास गेला होता. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “चालेल.” बाकीच्यांचे चेहरे मात्र “चालेल” असे अजिबात नव्हते. पुढे कितीतरी दिवस ती मुलं आम्हाला त्या तासावरून टोमणे मारायची. पावसाळ्यानंतर अध्यक्षांनी स्वतःहूनच सगळ्यांची वेळ परत दहा केली, तेव्हा कुठे ते टोमणे थांबले.

नानांनी पाटी उतरवली आणि नवी रंगवून आणली, एकाच ओळीची. आमची ओळखपत्रं त्यांनी अध्यक्षांकडे दिलीच नव्हती. खणात रबर लावून ठेवली होती. परत देताना प्रत्येकीचा फोटो बघून म्हणायचे, “यात बारीक दिसतेस.”

पहिल्या संध्याकाळी सहा वाजून गेले तेव्हा मी मुद्दाम इकडेतिकडे बघितलं. काहीतरी मोठं वाटेल असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. धुळ्याची मैत्रीण उघड्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती. साक्रीची मैत्रीण आणि दुसरी एक मुलगी खिडकीजवळच्या जागेवरून कुजबुजत भांडत होत्या. नानांनी झोपलेल्या मैत्रिणीसमोर पाण्याचा पेला आणून ठेवला. मला इतकं बरं वाटलं की मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

साक्रीची मैत्रीण वनरक्षक झाली. तिच्या पडताळणीच्या वेळी आम्ही तिघींनी देव पाण्यात ठेवायचंच काय ते बाकी होतं, पण कागद स्वच्छ निघाला. धुळ्याची मैत्रीण दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आली आणि मग जिल्हा परिषदेत लागली. मी एकाही परीक्षेत पास झाले नाही. त्याचं सुरुवातीला फार वाटलं. मग एम.एस्सी., बी.एड. केलं. आता जळगावात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, नातेवाईकांकडे चहाला जाते, आणि रुसवेही होतात.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघी साक्रीच्या मैत्रिणीच्या क्वार्टरवर राहायला गेलो होतो. डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्या, मागे परसात तिने लावलेली मेथी. तिने नागलीच्या भाकरी केल्या आणि मेथी तोडून आणली. जेवण झाल्यावर उन्हात बसलो. धुळ्याच्या मैत्रिणीची लहान मुलगी वाळत घातलेल्या चिंचा खात होती आणि तिघी तिला “पुरे” म्हणत होतो. सकाळची बस चुकली होती, पुढची दुपारी चारची होती. तीही चुकली.